एकादशीच्या कापडी पिशव्या

चामराजपुरम, म्हैसूर

तीर्थस्वरूप निवृत्तीरावांस धाकट्या साडूचा, भुजंगाचा, साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप आहोत (मी जरा कमी). तुमचा गुडघा आणि तुमचं मशीन, दोन्ही कुरकुरत नसतील अशी आशा आहे.

केंद्र सरकारने पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, हे तुम्ही जाणताच. आमच्या विठ्ठलमंदिरात मात्र प्रसाद अजून त्यांतूनच वाटला जायचा. मी कमिटीत उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं, की धोरण दिल्लीने आखलं तरी शिवायला शिंपीच लागतो. एकादशीच्या सगळ्या पिशव्या माझ्याकडून, सेवा म्हणून. टाळ्या पडल्या. कापडाची चिंता नव्हतीच. गिऱ्हाइकांच्या कापडातून वाचलेलं आपल्या ट्रंकेत किती साठतं, हे तुम्हाला काय सांगावं (एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो आपण). लोक त्याला वाईट नाव देतात. मी त्याला साधनसंपत्तीचं जतन म्हणतो.

पिशव्या झाल्या झकास. पण इंदिराबाईंच्या हाती नेमकं त्यांच्याच जांभळ्या ब्लाउजचं कापड आलं. कापड कमी पडतंय म्हणून दिवाळीत मी त्यांची बाही आखूड केली होती. त्या बोलल्या, आणि रांगेतला जो तो आपली पिशवी उलटीपालटी करून बघू लागला. आता या इंदिराबाई म्हणजे पवित्राची आजी, आणि पवित्राशी आमच्या चिरंजीव शरतची सोयरीक ठरलेली. ती त्यांनी देवासमोरच मोडली. शरत जेवेना. मलाही खरंच फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी त्यांना राष्ट्रीय धोरण सविस्तर समजावलं, तर त्या बाहीचाच हिशेब मागत राहिल्या.

शेवटी पवित्राच बोलली, ‘‘अज्जी, सुम्निरी, गप्प बसा जरा. दुसऱ्यांच्या कापडातून ज्यांच्याकडं एवढं उरतं, त्या घरात मला काय कमी पडणार?’’

इंदिराबाईंना हसू आवरेना. लग्न पुन्हा ठरलं. पर्यावरण टिकलं, सोयरीकही टिकली. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आपला आज्ञाधारक,
भुजंगराव

ता. क. : लग्नाचे कपडे मी शिवायचे नाहीत, अशी इंदिराबाईंची अट आहे. म्हणून एका अत्यंत सचोटीच्या शिंप्याचं, म्हणजे तुमचं, नाव सुचवलं (आपण साडू आहोत हे अजून बोललो नाही). मशीन घेऊन या.

ता. क. दुसरा : इंदिराबाईंचं कापड भारी आहे. बेतताना थोडं कमी पडू द्या, पुढची एकादशी जवळ आली आहे. पवित्राच्या ब्लाउजला मात्र बाही सढळ ठेवा. ती आता घरची झाली.