दाजींच्या गाडीला झालेलं अजीर्ण

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता नव्हे. काल दुपारी मी तुमच्या गाडीखाली खरोखरच आडवा होतो, आणि तिथेच पत्र लिहायचं सुचलं.) तब्येत कशी आहे? परगावच्या ऑफिसातली खुर्ची पाठीला मानवली का? इकडे ताई मजेत आहे, मी बरा आहे, आणि गाडीच्या प्रकृतीत, कसं सांगू, चढउतार आहेत.

जाताना किल्ली हातात देऊन तुम्ही म्हणालात, "मी येईपर्यंत नीट सांभाळ, मग गाडी तुझी." ते वाक्य मी काळजावर कोरून ठेवलं. आमच्या कारखान्यात बनलेल्या कवळ्या दातांच्या डॉक्टरांना सायकलवरून पोहोचवून माझ्या हाडांचा खुळखुळा झालाय, आणि पिशवीतल्या कवळ्या तर रस्ताभर आपापसात भांडत असतात. म्हणून गाडीला जिवापाड जपलं. रोज फेरी मारून आलो की इंजिन बंद करून लगेच तेल मोजायची पट्टी ओढून बघायचो, आणि रोज तेल कमी! जीव तुटायचा हो. मग थोडं ओतायचो, तेही दुकानातलं सगळ्यात दाट. (पाणी घातलेल्या दुधाने कधी कुणाचं अंग भरलंय?) सकाळी सुरू व्हायला ती कुरकुर करायची, पण मला वाटलं आळशी आहे, मालकावर गेलीय.

परवा घात झाला. डॉक्टरांच्या दारात गाडी लावली. आत एक आजोबा तोंड उघडून माझीच वाट बघत होते. मागून असा निळा धूर निघाला की आजोबा कवळी न घेताच उठून चालते झाले. गाडी गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींनी इंजिनाखालचं बूच काढलं, तर तेल थांबेचना. पातेलं भरलं, बादली मागवावी लागली. ते म्हणाले, "गरम इंजिनातलं तेल खाली उतरायच्या आत पट्टी बघितली तर कमीच दिसणार! जरा दम धरायचा. आणि हे एकट्याचं काम दिसत नाही." ताईला विचारलं, तर 'बिचारी खडखडते' म्हणून तिनेही शिवणयंत्राच्या तेलाची बाटली इंजिनात रिकामी केलेली. म्हणजे गाडी उपाशी नव्हतीच, तिला अजीर्ण झालं होतं. आत तेलाचा नुसता फेस, आणि मिळेल त्या फटीतून बाहेर.

गाडी हातची गेली असं वाटून मला अगदी रडू आलं, खोटं कशाला बोलू? आता गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल बेताने घातलंय आणि धूर थांबलाय. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. फिल्टरचं राहिलंच. दरवर्षी तुम्ही स्वतःच्या हाताने नवा बसवता ना, तोही मिस्त्रींनी काढला. बाहेरून नवाकोरा, हिरवागार. कापला तर आत डांबर. तेल गाळायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं, त्यामुळे इंजिन आतून घासलंय, आणि ते माझ्या महिनाभराच्या प्रेमाने नव्हे, असं मिस्त्री म्हणाले. दाजी, त्या हिरव्या रंगाचा एक पोपडा मी नखाने काढून बघितला, तर खाली जुना गंज. फाटकाचा उरलेला रंग कुठे संपला ते मला कळलं. ताईला मी एका शब्दाने बोललेलो नाही. फिल्टर कवळ्यांच्या पिशवीत सुखरूप आहे. तेवढं 'गाडी तुझी' हे एकदा लिहून पाठवता का?

ता. क. चा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत ताईने पत्र वाचलं. (शिवणयंत्राच्या तेलाची ओळ मात्र तिला दिसली नाही म्हणे.) तिने फिल्टर नेऊन फाटकाला लावून पाहिला आणि माझ्यापुढे हात केला. मी मुकाट्याने किल्ली दिली. "एक उपाशी ठेवणारा, दुसरा चारून मारणारा," म्हणाली, "गाडी आजपासून माझी." तेव्हा येताना माझ्या कवळ्यांसाठी सायकलच्या कॅरियरवर बसेल अशी, आतून कापूस लावलेली एक पेटी आणा. तुम्हाला घ्यायला ताई स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर येणार आहे. पुढच्या सीटवर तिने फिल्टर ठेवलाय, तुम्ही आपले मागे बसा.