पाचवे कलम, फोरमनविषयी

मी, छापखान्यातल्या कंपोझिटरची विधवा, धंदा शिवणकाम, राहणार स्वतःच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी 'पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दबावाखाली न येता' असे घालायला सांगितले. शुद्धीवर आहे. दबावाचे म्हणाल तर जन्मभर एकाच्याच दबावाखाली आहे, आणि तो प्रभू काही वकीलसाहेबांच्या नोटिशीला भीक घालणार नाही. येत्या आठवड्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पोट त्यांचे नाही ना, म्हणून.

कलम पहिले. दोन्ही खोल्या, पुढच्या ओट्यासह, माझा मुलगा व सूनबाई यांना निम्म्या निम्म्या. एकट्या मुलाच्या नावावर करत नाही, कारण मोरीतला नळ गळतो हे त्याला सांगितले तेव्हा तो 'बघतो' म्हणाला होता आणि तो अजून बघतोच आहे. चर्चच्या उपासनेत गाणी सांगायला उभा राहिला की मात्र छप्पर उडवतो. आवाज बापाचा घेतलाय. हात कोणाचे घेतलेत देव जाणे.

कलम दुसरे. शिवणयंत्र माझ्या भाचीला. चामड्याचा पट्टा नवा घातला आहे, तेल तिनेच घालावे, जावईबापूंना हात लावू देऊ नये. मोठी कात्रीही भाचीलाच. ती माझ्या वहिनीकडे कोणत्याही निमित्ताने, उसनीसुद्धा, जाऊ नये. चर्चच्या मंडळीतल्या मुलांच्या वर्गासाठी तारे कापायचेत म्हणून वहिनीने ती नेली आणि पुठ्ठा कापला. कापडाच्या कात्रीने पुठ्ठा! धार गेली ती गेलीच. मी तिला क्षमा केली आहे. करायला सांगितले आहे म्हणून केली आहे, आणि कात्री हातात घेतली की दर वेळी पुन्हा नव्याने करावी लागते.

कलम तिसरे. भिंतीवरचे घड्याळ मंडळीला. पाळकसाहेबांना प्रवचन करताना समोर दिसेल असे लावावे.

मंडळीत माझ्यामागे मला 'कोण-जाणार-बाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्याचे असे झाले की आमच्याकडे आजाऱ्याचे, नडलेल्याचे नाव उपासनेत वाचतात, सगळे डोळे मिटतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि सगळे 'आमेन' म्हणतात. त्यातही पहिल्या बाकावरचा औषधवाला असा 'आमेन' म्हणतो की खिडक्यांच्या काचा हलतात. त्याला मी 'मोठा आमेन' म्हणते, तोंडावर. आमेन झाले की चप्पल घालून सगळे घरी. बोलाचीच कढी, बोलाचाच भात! म्हणून एका रविवारी मी उठून विचारले, "प्रार्थना झाली. आता कोण जाणार?" तेव्हापासून दर वेळी विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत, मी कुठे खूश आहे?

कलम चौथे. नवऱ्याची खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवायची पट्टी मुलाला. ती त्याने विकू नये व तिची हकीकत विसरू नये, म्हणून लिहिते.

मंडळीच्या वार्षिक जेवणाचे निमंत्रण आमच्याच छापखान्यात छापायला दिले होते. 'प्रीतिभोजन' छापायचे, छापून आले 'भीतिभोजन'. सगळी निमंत्रणे वाटून झाल्यावर कळले. लोक हसत हसत जेवायला आले, पण मालक हसला नाही. चूक नवऱ्याच्या हातची होती, हे खरे. पण हात चुकतो म्हणूनच तर प्रूफ काढतात, आणि प्रूफ वाचून सही करायचे काम फोरमनचे. फोरमनने न वाचताच सही ठोकली आणि मालकासमोर सांगितले, "मी दुरुस्ती दाखवली होती, यानेच केली नाही." नवऱ्याची नोकरी गेली. नवरा वारेपर्यंत कोणी 'प्रीती' म्हटले की त्याची मान खाली जायची. माझ्या संसाराला माझ्या यंत्राने टाके घातले. फोरमनने त्याबद्दल पुन्हा कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

कलम पाचवे, फोरमनविषयी. (हे कलम पुढे रद्द केले आहे. वाचता येईल अशी एकच रेघ मारली आहे, कारण मुळात काय होते ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.)

सदर फोरमन मागच्या गल्लीत एकटा राहतो. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला जखम झाली. उपासनेत त्याचे नाव वाचले, प्रार्थना झाली, काचा हलल्या. माझ्या तोंडाला खोड, मी उठले, "आता कोण जाणार?" बाके करकरली, कोणी उठले नाही. मग सगळी मंडळी माझ्याकडेच बघू लागली. नवऱ्याचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक होते. तोंडाने विचारले होते, आता पायाने जावे लागले.

तेव्हापासून रोज सकाळी जाते. पाणी उकळून कोमट करते, जखम धुते, पट्टी बांधते. मला तो आवडत नाही. आवडला असता तर त्यात प्रभूला मध्ये आणायची गरजच काय होती? रोज वाटेत मी देवाशी भांडते, "तुला दुसरा कोणी सापडला नाही?" आणि तो काही बोलत नाही म्हणून दार ढकलते. आत फोरमन तयारच असतो.

"पाणी फार गरम आहे. खिळे वितळवताय काय?"

"खिळे नव्हे, तुमची जीभ. पाय सरळ करा."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की पट्टी रोज बदलली नाही तर पाय कापावा लागेल. माझे ऑपरेशन झाल्यावर मी उठेन की नाही, कोणाला माहीत? मंडळीत पुन्हा विचारले. पुन्हा बाके करकरली. तरी असे लिहिते की माझ्या पश्चात फोरमन माझ्या मुलाकडे जावा.

वकीलसाहेबांनी माझा कागद खाली ठेवला. "बाई, माणूस मिळकतीत धरता येत नाही."

"मग भानगडीत धरा."

शेवटी त्यांनी अशी वाट काढली की मुलगा फोरमनची पट्टी रोज बदलत राहिला तरच त्याला घराचा हिस्सा मिळावा. तसे लिहिले. लिहिले, पण मनाला पटले नाही. घरासाठी गेलेला माणूस पट्टी कशी बांधेल, हे मला दिसत होते. मुलगा शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली, अगदी बापासारखी.

इथे लिहिणे थांबले, कारण पोटातली कळ उठली आणि मी अंथरुणाला खिळले.

पुढील मजकूर रविवारी लिहीत आहे. आज उपासनेत माझे नाव वाचले. 'मोठा आमेन' याने फोनवर कळवले की माझ्यासाठी फार कळवळून प्रार्थना झाली. मी म्हटले, "झाली ना? मग आता कोण येणार?" तो म्हणाला, "आवाज नीट येत नाहीये, बाई."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी भिंतीला घासत चालल्यासारखे वाजले. सूनबाईने दार उघडले. दारात फोरमन. दुखणे झाल्यापासून हा माणूस उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. एका हातात काठी, दुसरा भिंतीला, पायाला स्वतःच बांधलेली पट्टी सुटून मागे लोंबत होती. घामाघूम झाला होता.

"आला नाहीत," तो म्हणाला. "मेलात की काय, ते बघायला आलो."

"आहे अजून. बघितलंत? आता बसा, नाहीतर तुम्हीच पडाल."

बसला. आख्ख्या मंडळीतून आला तो हा! मला भयंकर राग आला. इतकी वर्षे जपून ठेवलेला राग त्याने असा लंगडत येऊन बिघडवून टाकावा?

मला उठता येईना. पट्टी तर बदलायलाच हवी होती. मी मुलाकडे बघितले नाही, विचारलेही नाही. माझ्या आयुष्यात प्रथमच विचारले नाही. त्याने आपणहून पाणी ठेवले. तोंड वाकडे करून, श्वास कोंडून त्याने फोरमनचा पाय मांडीवर घेतला. मी अंथरुणातून ओरडत होते, "अरे, चोळू नकोस, टिपून घे! गाठ जखमेवर नको, बाजूला!" फोरमन ओरडत होता, "पाणी गार आहे!" सूनबाई दोघांना गप्प बसा म्हणत होती. गाठ तरी चुकलीच. पण पट्टी घट्ट नव्हती.

हात धुऊन मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "आई, ते पाचवं कलम काढून टाक."

"का? जाणार नाहीस?"

"जाईन ना. म्हणूनच काढ. घराच्या अटीवर नको."

मला रडू आले, आणि रडू आले म्हणून आणखी राग आला. पाचवे कलम मी रद्द करत आहे. रेघ माझ्या हातची आहे, शेजारी सही केली आहे. घराच्या हिश्शाला आता कसलीही अट नाही. नळ मात्र दुरुस्त करावा.

कलम सहावे. मी गेले तर माझ्या मागे काळे कपडे, लांबलचक भाषणे नकोत. सगळ्यांना पोटभर जेवायला घालावे. निमंत्रणावर 'प्रीतिभोजन' असे छापावे आणि त्याचे प्रूफ फोरमनने वाचावे. दोनदा.

संध्याकाळी वकीलसाहेबांना बोलावले, तेव्हा साक्षीदारांचा प्रश्न आला. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. पाचवे कलम गेल्यामुळे फोरमनला काही मिळत नव्हते. त्याच्यापुढे कागद ठेवले.

"फक्त खाली सही करा," वकीलसाहेब म्हणाले. "साक्षीदाराने वाचायची गरज नसते."

"वाचल्याशिवाय सही करणार नाही," फोरमन म्हणाला. "एकदा केली होती."

त्याने चष्मा पुसला, माझी पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसला. दोन ठिकाणी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. चौथ्या कलमापाशी पेन्सिल थांबली.

"काय आहे?" मी विचारले. "काही दुरुस्ती?"

"नाही," तो म्हणाला. "या कलमात दुरुस्ती नाही."

मग त्याने माझ्या मुलाकडे बघून पुन्हा तेच सांगितले, जरा मोठ्याने, कारण ते ऐकायला जो हवा होता, तो त्याचा बाप आता नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, तो मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे.

लिहून ठेवणार: कोण-जाणार-बाई (सही)

साक्षीदार पहिला: फोरमन (सही. सगळे वाचून केलेली.)

साक्षीदार दुसरा: औषधवाला, ऊर्फ मोठा आमेन (सही. संध्याकाळी का होईना, आला. आल्या आल्या डोळे मिटत होता, त्याला म्हटले, आधी सही करा, मग आमेन म्हणा.)

ठिकाण: माझी पुढची खोली.

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार. उद्या सकाळी पट्टी मुलगा बदलणार आहे.