दाढीचं गाणं दोनदा

अहो,

सकाळच्या पाळीला निघाले. तुम्ही झोपेत गुणगुणत होतात आणि धुकं खिडकीशी येऊन ऐकत बसलं होतं. उठवावंसं वाटलं नाही.

काल अंडं दगड झालं म्हणून माझ्यावर डाफरलात. खरं सांगू? मी घड्याळाकडे कधी पाहिलंच नाही. उकळत्या पाण्यात अंडं सोडायचं, तुमचं दाढी करतानाचं गाणं दोनदा ऐकायचं आणि लगेच गार पाण्यात काढायचं. आतलं पिवळं मधासारखं राहायचं. नोकरी गेल्यापासून तुम्ही दाढी करता ती गपचूप. मग मी अंदाज कशाचा घ्यायचा?

आज तुम्हीच करा. पातेल्यात पाणी भरून ठेवलंय. भिंतीवरच्या घड्याळातले सेल मात्र मी पर्समध्ये टाकून नेलेत.