मंदा येईपर्यंत

६ जानेवारी
पेंटर पेटीवर लाल अक्षरांत लिहून गेला : 'देह जतन पेटी'. मी 'शीतपेटी' सांगितलं होतं. यंत्र गार करतं, तेवढंच लिहावं. पप्पा म्हणाले, "शीतपेटी लिहिलं तर लोक कुल्फी मागतील." मंडप, खुर्च्या, मोठी भांडी भाड्याने देतोच. आता ही.
रेफ्रिजरेशनच्या डिप्लोमात जतनाची व्याख्या सोपी होती. बदल लांबवणं. थांबवणं नव्हे.
पेटी घ्यायचा हट्ट माझा. कारण पप्पांना माहीत आहे, बोलत दोघंही नाही. मम्मी गेली तेव्हा मी पुण्यात कामावर. पाथर्डीत पोचले तर चर्चमागे दफन उरकलेलं. मे महिना, म्हणे थांबता येत नव्हतं. कबरीवरची माती ओली होती. चेहरा पाहिला नाही.

९ जानेवारी
पेटी पहिल्यांदा बाहेर. शेवगाव रस्त्यालगतची वस्ती, म्हातारी सखूबाई. मुलगा भानुदास घरी, मुलगी मंदा ऊसतोडीला कर्नाटकात. तिने शेवटचं पाणी पाजल्याशिवाय आईला उचलायचं नाही.
भानुदास : "ताई, मंदा येस्तोवर आई जशी हाय तशी ऱ्हायली पायजे."
राहील, म्हटलं.
तापमान ३ वर. वीज गेली तर जनरेटर. बायका येतात, झाकण उघडून तोंड बघतात, पदर डोळ्याला लावतात, परत उघडतात. दर वेळी काचेवर वाफ. उघडू नका म्हटलं, तर एक आजी : "का गं, तुझा बरफ इतळंल व्हय?" सगळ्या हसल्या. मीही, थोडी.
हनुवटी पट्टीने बांधलेली. त्यापलीकडे बघायचं टाळलं.

१० जानेवारी
मंदा वाटेत. मुकादम सोडेना, मग जीप मिळेना. भानुदास फोनवर ओरडतोय.
पेटी व्यवस्थित. ३, कधी ४. आकडा बघायला वाकलं की काचेतून चेहरा समोर येतोच. सकाळी वाटलं, ओठ हलले. काचेवरचा थेंब ओघळला होता. पुसला. दुसरा आला.
मम्मी मला एसटीत बसवताना म्हणायची, "देव तुला राखो." राखायचं म्हणजे देवाने नक्की काय करायचं, ते तिला विचारायचं राहिलं.

११ जानेवारी
मंदा दुपारी पोचली. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. रडली नाही. झाकण काढलं, तिने पट्टी सोडली. वाटीत पाणी, तुळशीचं पान. तोंड उघडेना. पाणी गालावरून कानाकडे गेलं. पुन्हा. पुन्हा तेच.
गारव्यात देहाचा ताठरपणाही टिकून राहतो. हे मला ठाऊक होतं. पाणी पाजण्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता. जशी होती तशी ठेवली. जबड्यासकट.
मंदा माझ्याकडे वळली. "ताई, कुनाला ठिवलंय तुमी हितं? माझी आई तोंड मिटून बसनारी न्हवती. गप बस म्हनलं तरी बसायची न्हाई."
कोणीतरी हसलं आणि मग सगळ्याच रडायला लागल्या.
"हिला जरा उनात घिऊ का?"
पुरुष कुरकुरले, लई उशीर व्हतोय. मी प्लग काढला. घरच्यांनी सांगायच्या आधी.
अंगणात चटई, आईचं डोकं मंदाच्या मांडीवर. दोन्ही तळव्यांनी जबडा चोळत राहिली. चोळता चोळता आईला हकिकत : मुकादमाला शिव्या, कोयता बोथट, धाकटीचा खोकला. ऊन सरकलं तशी आम्ही चटई सरकवली. मग पुन्हा वाटी.
"गेलं," म्हणाली.
मी शेजारीच होते. मला ओला झालेला ओठ दिसला. बाकी दिसलं नाही. दिसलं तेवढंच लिहिते.

१२ जानेवारी
पेटी धुऊन शेडमध्ये ठेवली. कॉम्प्रेसरचा आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत येतो. दोनदा जाऊन पाहिलं. प्लग भिंतीला लावलेलाच नाही.
काचेवर वाकले तर आत मी.

१३ जानेवारी
पप्पा पेटी पुसत होते. विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"मम्मी कशी दिसत होती?"
फडकं फिरत राहिलं. एकाच जागी.
"केस मी विंचरले तिचे," म्हणाले. "भांग वाकडा पडला. तुझी मावशी म्हणाली, द्या कंगवा, सरळ करते. नाही दिला."
आणि मोबाईल वाजला. तिसगावजवळून. मुलगा सुरतेहून निघालाय, पेटी लगेच हवी. पप्पांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय सांगू?"
"देऊ. पण मी बरोबर येणार नाही. आणि पाणी पाजायचं असेल तर आधी उन्हात घ्या म्हणावं."
पेटी टेम्पोत चढवताना पप्पा म्हणाले, "आलो की बसू. सांगतो बाकीचं."
टेम्पो गेला. अजून परतलेला नाही. भांग कुठल्या बाजूला वाकडा होता, तेवढं आधी विचारायचं आहे.