बारवेत म्हैस ओढणारा भुंगा नसल्याबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख,
विशेष कीड निर्मूलन पथक, बुलढाणा.

विषय : येत्या गुरुवारी बारवेत विषारी औषध न टाकणेबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १५ सप्टेंबरचा अर्ज (खोटा). २) आपला दि. १० ऑक्टोबरचा आदेश.

महोदय,

अर्जदार पुंजाजी उकंडराव ढगे, वय ७४, राहणार बारवेची वाडी, सोनाळ्याजवळ, सविनय कळवितो की,

१) बारवेचा कठडा ढासळला म्हणून अर्जदाराने दोन अर्ज केले. दोन्ही खरे होते. उत्तर आले नाही. सबब तिसऱ्यात लिहिले की, बारवेतल्या नारळाएवढ्या भुंग्याने अर्जदाराची म्हैस शिंगांसकट खाली ओढली. कोणी साहेब पाहायला येईल, आला म्हणजे कठडाही दिसेल, एवढाच हेतू. पाहायला कोणी आले नाही. थेट आदेश आला.

२) खरा भुंगा मसुरीच्या दाण्याएवढा आहे. राहतो पाण्यात, पण दम वरच्या हवेचाच घेतो. ढुंगण वर करून पाण्याच्या कातडीशी येतो, पंखांखाली हवा भरतो आणि मागच्या केसाळ पायांनी वल्हवत तळ गाठतो. त्याची पिल्ले डासांच्या अळ्या फस्त करतात. गेल्या साली शेजारच्या वस्तीत घरोघर डेंगू झाला, बारवेच्या आळीत एकालाही नाही. गुरेही त्याच पाण्यावर आहेत.

३) औषधाचे ड्रम काल पंचायतीच्या ओट्यावर उतरले. अर्जदार सरपंच समताबाईंकडे धावला. त्या म्हणाल्या, "पुंजाजीबुवा, साठ वर्षं थापा मारल्या, कोणाले एकही पटली नाही. आता सरकारले पटली, तं मी काय करू?" पत्नी शालूबाई एवढेच म्हणाली, "म्हैस तं जित्ती ठेवाची होती कागदावर."

४) आपल्या कार्यालयात फोन केला असता कळले की, म्हैस मयत म्हणून नोंद झाली आहे आणि आदेश मागे घेण्यास भुंगा नसल्याचा पुरावा लागेल. नसलेल्याचा पुरावा कुठून आणावा? तरी जमले ते सोबत जोडले आहे.

५) हे न मानल्यास गुरुवारी सकाळी सातपासून अर्जदार बारवेत गळ्याइतक्या पाण्यात उभा राहील. अर्जदाराला पोहता येत नाही. शालूबाईही येणार म्हणते. तिने अर्जदाराच्या एकाही गोष्टीवर आजवर विश्वास ठेवला नाही, तरी लुगडे खोचून येणार आहे. पायऱ्या शेवाळल्या आहेत, धरायला कठडा नाही. तिचे गुडघे दुखतात. साहेबांनी कृपया बुधवारीच कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
पुंजाजी उकंडराव ढगे
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) अर्जदार खोटारडा असल्याचा दाखला, एकेचाळीस ग्रामस्थांच्या सह्यांनिशी. २) म्हशीचा आजच्या वर्तमानपत्रासह फोटो. ३) त्याच दाखल्यावर बेचाळिसावा अंगठा देण्यास शालूबाईने नकार दिल्याचा पंचनामा.