गिऱ्हाइकाची मुलगी

५ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ऑपरेशन झालेला डोळा आता दुखत नाही हे वाचून जिवात जीव आला. तरी काळा चष्मा काढून शिलाई मशीनवर बसू नकोस, गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही.

तू विचारलंस, या आंतरराष्ट्रीय डिप्लोमात असतं तरी काय, की पोर वाळून चाललीय. सहा विषय, त्यातले तीन जरा जास्त खोलात. शिवाय चार हजार शब्दांचा निबंध. त्यात प्रश्नही आपणच काढायचा आणि उत्तरही आपणच शोधायचं, म्हणजे आपला खड्डा आपणच खणायचा. आणखी एक विषय असा, की आपल्याला जे माहीत आहे ते खरंच माहीत आहे, हे कशावरून? बाबा म्हणाले, हा विषय त्यांना आईने फुकटात शिकवलाय.

आणि वर कला, खेळ व सेवा. त्याला गुण नाहीत, पण ते अपुरं राहिलं तर बाकी पैकीच्या पैकी मिळवूनही डिप्लोमा हातात पडत नाही. आणि डिप्लोमा नाही तर कॉलेजची जागाही नाही. बाबांनी तर मी तिथे जाणार म्हणून चार लोकांत सांगूनही टाकलंय. नशीब माझं, सेवेचं सुट्टीतच उरकलं.

बाकी ठीक. डोळ्याला जपतेस तसंच माझ्यावरच्या मायेलाही जप.

तुझी,
सुईबाई


२ ऑक्टोबर

चि. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून लिहिते.

मंगळवारी तुमच्या शाळेतल्या सेवा बघणाऱ्या बाई दुकानात आल्या. त्यांची बहीण इथेच राहते म्हणे, तर सहज भेटून जावं आणि तुझ्या सेवेच्या कागदावर सहीही घ्यावी. मी एका कोटाची चेन उसवत होते. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्हाला या जगात कोणी नाही, आणि आमची विद्यार्थिनी रोज येऊन तुम्हाला पेपर वाचून दाखवायची, सुईत दोरा ओवून द्यायची, हे ऐकून अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी वाटलं, बाई दुकान चुकल्या.

मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. मी शिवलेल्या पिवळ्या फ्रॉकातली तू, पुढचे दोन दात पडलेली. त्यांनी विचारलं, ही कोण. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं की मी तुझी कोणी निघाले, तर तुझं काहीतरी बिघडेल. मी म्हणाले, गिऱ्हाइकाची मुलगी आहे, फ्रॉक छान बसला म्हणून लावलाय. आणि सही करून दिली. त्या गेल्यावर फोटो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच्याकडे बघवेना.

खोटं बोलल्याची लाज वाटतेच. पण त्याहून मोठी लाज दुसरीच आहे. सुट्टीभर मी शेजारणींपुढे मिरवत होते, की माझी भाची मैत्रिणींबरोबरची सहल सोडून माझ्यासाठी आली. आता त्या समोर दिसल्या तरी मी मान खाली घालून जाते. आणि डोळ्याला पट्टी बांधून तुला दुपारी गरम गरम वाढत होते मी. मग सेवा कोणी कोणाची केली, ते तुमच्या त्या ‘कशावरून’ विषयाला विचार.

तुझ्या बाबांना काही कळवलेलं नाही. अभ्यास कर. माया आटलेली नाही, सध्या जरा गप्प बसलीय.

आत्या


१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

शाळेचा नियम असा की घरच्यांचं केलेलं सेवेत धरत नाहीत. सुट्टीत सहलीनंतर मी वाचनालयात काम करणार होते. मध्येच तुझं ऑपरेशन निघालं आणि मी तुझ्याकडे आले. तुझ्यासाठीच आले होते, आत्या. परत आल्यावर सगळ्यांनी आपापली सेवा वर्गात सांगायला घेतली, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि माझी बुद्धी फिरली. आधी फक्त ‘आत्या’च्या जागी ‘एक बाई’ म्हणाले. मग सगळे मन लावून ऐकतायत म्हटल्यावर ‘त्यांना कोणी नाही’ हेही जोडून दिलं. हे बोलताना जीभ झडली कशी नाही. आता मी तुझ्यासाठीच आले होते हे खरं, पण ते कशावरून, असं तू विचारशीलच.

गेल्या आठवड्यात बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एक खोटं तुझं होतं आणि एक तुझ्या आत्याचं. तिचं तुझ्यासाठी होतं, आणि मी रडले मात्र तुझं ऐकून, याचीच मला लाज वाटते. माझी सेवा रद्द झाली. नव्याने सुरुवात करून मार्चच्या आत पुरी केली तर डिप्लोमा, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. बाबांना शाळेनेच कळवलं. ते माझ्याशी बोलत नाहीत.

रोज संध्याकाळी वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवते. टाका तूच शिकवलेला. मार्चपर्यंत होईल की नाही, सांगता येत नाही.

फोटो परत लाव म्हणायला मला तोंड नाही. तुझी माया गप्प असली तरी चालेल, फक्त दुकान सोडून जाऊ देऊ नकोस.

तुझी,
भाची


८ नोव्हेंबर

चि. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना मी खरमरीत पत्र टाकलंय. पोरीने स्वतःहून जाऊन कबूल केलं, तू लहानपणी माझी कात्री मोडून मांजरावर आळ घातला होतास, असं लिहिलंय. तो बोलेल.

काल तुमच्या बाई परत आल्या, बहिणीचा स्वेटर घेऊन. बाही उसवली होती. भिंतीवर मोकळी जागा दिसली त्यांना. मीच ड्रॉवर उघडला, फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ही माझी भाची. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. मी म्हटलं, असू दे माहीत, मला एकदा म्हणायचं होतं. मग खिळा जरा वाकडा झाला होता तो त्यांनीच धरला आणि मी ठोकला.

मार्चचं मार्चमध्ये बघू. टाका मात्र घट्ट घाल, पुस्तक लोक ओढून उघडतात.

डॉक्टरांनी परवा डोळा तपासला. आता बारीकातल्या बारीक सुईत मीच दोरा ओवते आणि पेपरही मीच वाचते. तेव्हा सुट्टीत माझ्याकडे तुझ्यासाठी काही काम उरलेलं नाही. तरी येतेस का, बघते.

तुझी,
आत्या