चाखून पाहिलेलं पाणी

प्रिय शेडली मेहुण्यास लझहरचा सलाम.

तुझी तब्येत झकास असणारच. ट्यूनिससारख्या राजधानीत राहून कुणाची बिघडते? इकडे तुझ्या बहिणीच्या मूत्रपिंडात तिसरा खडा झालाय. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारट, की डॉक्टरने हात टेकले. म्हणाला, पाणी बदला, नाहीतर गाव बदला.

दर पाच वर्षांनी सरकारला पिण्याच्या पाण्याचे निकष तपासायची हुक्की येते. यंदा मिठाची मर्यादा खाली आली असती, तर आमची विहीर नापास होऊन गावाला गोड्या पाण्याचा नळ मिळाला असता. म्हणून समितीचे पाच साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला आमच्या घरी आले, आणि गावाने पाणी संघाचा अध्यक्ष म्हणून मला पुढे केलं. (गावाची अक्कल बघ.)

तासभर बोललो. खडे, किडलेले दात, वाळलेली डाळिंबं, काही सोडलं नाही. साहेब माना डोलवत पाणी पीत होते. आता पाहुण्याला विहिरीचं पाणी कोण देतं? आमच्या सात पिढ्यांत कुणी दिलं नाही! अंगणातल्या टाक्यात साठवलेलं पावसाचं पाणी (एरवी फक्त चहाला आणि लग्नाकार्याला काढतो) मीच सुरईत भरून ठेवलं होतं. तुझी बहीण मबरूका दारातून डोळे वटारत होती. मला वाटलं, चहात घालायचे बदाम संपले. नमुन्याची बाटली म्हणे कचेरीतच राहिली होती, तेव्हा मोठ्या साहेबांनी चौथा पेला संपवून अहवालात लिहिलं, 'पाणी प्रत्यक्ष चाखले. अत्यंत गोड. निकष बदलण्याची गरज नाही.' वर मला म्हणतात, "काय लझहरभाऊ, असलं मधासारखं पाणी पिता, आणि रडता?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं रे. पण 'हे खास तुमच्यासाठी काढलंय' असं पाहुण्याला ऐकवायचं म्हणजे त्याच्या ताटातले घास मोजण्यासारखं. साहेबांचा पेला पुन्हा भरला. आता तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही, आणि कळ आली की भिंतीकडे तोंड करून पडते. मला बघवत नाही.

तुझा,
लझहर

ता.क. आम्ही हरकत घेतली आहे. गुरुवारी मोठे साहेब पुन्हा येताहेत. मबरूकाने निरोप धाडलाय की या वेळी विहिरीचंच पाजा. माझा हात काही धजायचा नाही. तुला लाजलज्जा कधीच नव्हती, तेव्हा यजमान म्हणून तूच ये.

पुन्हा ता.क. येताना पाण्याच्या बाटल्यांच्या दोन पेट्या आण. टाक्याचा तळ दिसायला लागलाय, आणि तूही शेवटी पाहुणाच. तुला विहिरीचं कसं देऊ? फक्त आल्या आल्या पेट्या कुलपात घाल आणि किल्ली मबरूकाकडे दे. साहेबांसमोर मी कितीही मागितली, तरी मला देऊ नका.